'दहा विजय' म्हणजे नेमकं काय?

इंद्रलाल रॉय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म कलकत्त्याचा, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय. २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात मृत्यू, वय १९. सप्टेंबरमध्ये मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस.

आता 'दहा विमानं पाडली' असं सरळ लिहाल, तर फसाल. त्या यादीत पाच विमानं नष्ट झालेली आहेत, उरलेली पाच 'ताबा सुटून खाली जाताना दिसलेली'. त्यातले दोन विजय सहकाऱ्यांसोबत वाटून घेतलेले. तेव्हा मोजायची पद्धतच तशी होती. यानं रॉय यांचं शौर्य कमी होत नाही. पण आकडा वहीत उतरवण्याआधी तो कसा मोजलाय, हे विचारायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.