राख, काथ्या आणि डिशवॉशर

मुंबईच्या उपनगरांत, मग ती बोरिवली असो की मुलुंड, अंधेरी असो की घाटकोपर, सकाळी साडेसातच्या सुमारास घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : "आज मावशी येणार आहेत ना?" उत्तर नकारार्थी आले, म्हणजे मावशींचा खाडा झाला, की घराचे वेळापत्रक कोलमडते. मोरीत रात्रीची खरकटी भांडी साचलेली असतात, नळाचे पाणी जाण्याची वेळ जवळ आलेली असते आणि लोकल कोणासाठी थांबत नाही. अशा दिवशी घरात कोणीतरी म्हणतेच, "आता एक डिशवॉशर घेऊनच टाकू या."

हे यंत्र घरात आवश्यक आहे का, आणि सुट्टीत, प्रवासात त्याचा काय उपयोग, असा प्रश्न आम्हालाही पडला. दुकानदाराला विचारले तर उत्तर ठरलेले. म्हणून आम्ही तो इतिहासाला विचारायचे ठरवले.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. भांडे स्वच्छ होते म्हणजे काय होते? जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ साली धुण्याच्या कोणत्याही क्रियेचे चार घटक सांगितले : रसायन, उष्णता, घासण्याचा जोर आणि वेळ. यांपैकी एक कमी पडला, तर बाकीच्यांनी ती उणीव भरून काढावी लागते. पाणी थंड असेल तर हाताला जोर जास्त लावावा लागतो. जोर लावायचा नसेल तर पाणी गरम हवे, नाहीतर भांडे भिजत ठेवायला हवे. हे चार घटक लक्षात ठेवले, तर भांडी घासण्याचा सारा इतिहास त्यांतून उलगडत जातो.

अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. तोपर्यंत ही गावेच होती आणि पुष्कळ घरांत चूल किंवा कोळशाची शेगडी होती. भांडी घासायला चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. यात अडाणीपणा मुळीच नव्हता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या राखेचा अल्कधर्मी द्रव तुपातेलाच्या थराशी संयोग पावून थोडाफार साबणच तयार करतो, आणि राखेतले बारीक कण थर खरवडून काढतात. रसायन आणि जोर दोन्ही एकाच चिमटीत, तेही फुकट.

भांडी तांब्यापितळेची असत. ती उजळायला चिंच लागे, कारण चिंचेतले टार्टारिक आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा काळा थर विरघळवते. ताक किंवा आमटी पितळी भांड्यात राहिली की कळकते, कारण आंबट पदार्थात तांब्याचे क्षार उतरतात आणि ते पोटाला अपायकारक असतात. म्हणून आतून कल्हई करावी लागे. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करी आणि कथलाचा पातळ लेप कापसाच्या बोळ्याने फिरवी. ज्या शिक्षकांनी लहानपणी तो पांढरा धूर पाहिला असेल, त्यांनी त्याचे वर्णन वर्गात जरूर करावे. धातू आणि आम्ले हा धडा त्याइतक्या चांगल्या रीतीने शिकवणारी प्रयोगशाळा मिळणे कठीण.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे स्टेनलेस स्टील. हॅरी ब्रेअर्ली यांनी इंग्लंडातील शेफील्ड येथे १९१३ साली क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद तयार केले. आपल्या मध्यमवर्गीय फडताळांत ते स्थिरावले स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत, आणि जुनी पितळी भांडी मोडीत देऊन स्टीलचे डबे घेतले गेले. दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. घासलेटच्या स्टोव्हपाठोपाठ सिलिंडर आला आणि घरातली राखच संपली. जी वस्तू फुकट मिळत होती, तिच्या जागी आता पुडी विकत घ्यावी लागली. भांड्यांच्या पावडरींना बाजारपेठ मिळाली ती अशी. १९९३ साली 'विम'ची वडी भारतात आली आणि पावडरही मागे पडू लागली. मात्र या सर्व बदलांत चार घटकांपैकी केवळ एक, रसायन, बदलले. पाणी थंडच राहिले आणि जोर पूर्वीसारखाच कोणाच्या तरी हातांचा राहिला.

हा हात काढून टाकण्याची कल्पना अमेरिकेतली. जोएल हाउटन यांनी १८५० साली हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. त्यात भांड्यांवर पाणी उडे, परंतु भांडी काही नीट निघत नसत. खऱ्या अर्थाने चालणारे यंत्र केले इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांनी. बाई सुखवस्तू घरातल्या. चिनी मातीच्या उंची बश्यांचे टवके नोकरांच्या हातून उडतात, ही त्यांची तक्रार होती. १८८३ साली पतीचे निधन झाले, मागे कर्ज राहिले, आणि हौसेची कल्पना पोटापाण्याचा प्रश्न बनली. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी यंत्र उभे केले. बश्यांच्या मापाचे तारेचे कप्पे एका चाकावर बसवलेले, चाक तांब्याच्या पिंपात आडवे, आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

त्यांच्या कल्पनेचे मर्म असे, की बशी हलवून घासण्याऐवजी बशी स्थिर धरावी आणि पाण्यालाच घासायला लावावे. आजच्या यंत्रातही हेच तत्त्व आहे. त्यातली फवारणारी पाती मोटरशिवाय फिरतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेने ती फिरतात. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना रॉकेटबरोबर हेही उदाहरण द्यावे.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात या यंत्राला पारितोषिक मिळाले. गिऱ्हाइके मिळाली ती मात्र हॉटेलांची. घरगुती ग्राहक फिरकले नाहीत. कारण सरळ होते. यंत्राला भरपूर गरम पाणी लागे आणि ते त्या काळी फारच थोड्या घरांत होते. शिवाय पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर साबणाला फेस येत नसे. घरांना हे यंत्र परवडू लागले ते १९५० नंतर, कृत्रिम प्रक्षालके आणि गरम पाण्याचे नळ आल्यावर. यंत्र आधी येते, त्याला लागणारी परिस्थिती मागाहून येते, हा धडा येथे घ्यावा.

आता आपल्या उपनगरातली परिस्थिती पाहू. मुंबईचे पाणी तलावांचे असल्यामुळे मऊ असते, ही जमेची बाजू. टँकर किंवा कूपनलिकेचे पाणी मात्र जड असू शकते. त्यासाठी यंत्रात आयन-विनिमय करणारे रेझिन असते. ते कॅल्शियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते, आणि रेझिन पुन्हा ताजेतवाने करण्यासाठी मीठ घालावे लागते.

यंत्राने पाणी वाचते असे सांगितले जाते. त्याला आधार आहे. जर्मनीतील बॉन विद्यापीठात सात देशांतल्या ११३ व्यक्तींना बारा माणसांची भांडी घासायला देण्यात आली. सरासरी १०३ लिटर पाणी आणि २.५ युनिट ऊर्जा खर्च झाली. यंत्राला सुमारे १५ लिटर पाणी पुरले. पण ही माणसे युरोपातली होती आणि गरम पाणी वापरत होती. आपल्या मावशी बालदीतले थंड पाणी तांब्याने घेतात. तिथे पाणी तापवण्याची ऊर्जा शून्य. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लावण्याआधी काय मोजले होते, हे पाहावे लागते ते यासाठी.

विद्यार्थ्यांकडून दोन सोपी मापने करून घ्यावीत. पहिले : घरच्या नळाखाली एक लिटरचे माप किती सेकंदांत भरते? दहा सेकंद लागले, तर मिनिटाला ६ लिटर. नळ सोडून वीस मिनिटे भांडी घासली तर १२० लिटर, म्हणजे बॉनच्या आकड्यापेक्षाही जास्त! बालदी वापरल्यास किती, तेही मोजावे. दुसरे : १० लिटर पाणी २५ पासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला किती वीज लागेल? १० × ३५ × ४.१८ म्हणजे सुमारे १,४६३ किलोज्यूल. एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात, म्हणजे सुमारे ०.४ युनिट. धुताना आणि शेवटी खळबळताना अशा दोन्ही वेळा पाणी तापवले तर ०.८, आणि पंप धरून एक युनिटच्या आसपास. जे काम हाताचा जोर करत होता, ते आता उष्णता, तीव्र अल्कली आणि दीड-दोन तासांचा वेळ करतात. झिनर यांचा हिशोब बरोबर जुळतो.

परंतु याच अल्कलीमुळे आपली निम्मी भांडी यंत्राबाहेर राहतात. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उभयधर्मी असते, म्हणजे ते आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. त्यामुळे हिंडालियमची कढई यंत्रातून काळवंडून बाहेर येते. बिडाच्या तव्यावर मुरलेला तेलाचा थर निघून तो गंजतो. देवाची पितळी उपकरणी काळी पडतात, पोळपाट-लाटणे तडकते. करपलेला दुधाचा टोप तर भिजवून हातानेच खरवडावा लागतो. ताटे, वाट्या, पेले, चमचे यांचे मात्र यंत्र उत्तम करते.

येथवर सगळे शास्त्र झाले. पण या यंत्राच्या इतिहासात एक पात्र सुरुवातीपासून आहे आणि त्याचे नाव कोठेच येत नाही. कॉक्रेनबाईंच्या बश्या फोडणारे ते नोकर कोण होते? मुंबईच्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेला घरगडी 'रामा' याच नावाने हाकारला जाई; त्याचे खरे नाव पुष्कळदा कोणी विचारीत नसे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा कायदा झाला तो २००८ साली. कॉक्रेन यांच्या पेटंटनंतर १२२ वर्षांनी!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि अनेक सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना फाटक बंद केले. डिशवॉशरचा खप देशात एकाएकी वाढला तो तेव्हा. आमच्या घरी आम्ही आळीपाळीने भांडी घासली. आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. प्रक्षालक त्वचेवरचे तेलही काढून घेते, हे आम्ही कित्येक वेळा शिकवले होते. कळले ते तेव्हा. मावशींचे हात पंचवीस वर्षे तसेच होते आणि आम्ही ते कधी पाहिले नव्हते. आणखी एक कबुली द्यायला हवी. पहिले तीन महिने आम्ही त्यांना पूर्ण पगार दिला, पुढे निम्मा केला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर आमच्या घरात यंत्राची चर्चा ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "दादा, मशीन घेतलंत तर माझं हे घर सुटणार का?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले, की घरात यंत्रे आली म्हणून गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. पुरुषांचे आणि मुलांचे काम कमी झाले, तिच्याकडून अपेक्षा मात्र वाढल्या. भारतातल्या २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले, तर पुरुष ८८ मिनिटे. ही तफावत यंत्र भरून काढणार नाही. यंत्रात ताटे लावणे आणि काढणे हेही कोणाला तरी करावेच लागते.

आणि सुट्टीत? आपल्या पूर्वजांनी यावर नामी तोड काढली होती. लग्नकार्य असो की यात्रा, जेवण पळसाच्या पत्रावळीवर किंवा केळीच्या पानावर. उष्टे पान गाईपुढे नाहीतर खतात. मध्यंतरी थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि नाल्यांत तुंबल्या. महाराष्ट्रात २०१८ साली त्यांच्यावर बंदी आली. प्रवासात यंत्र नको, पान हवे, हे उत्तर सोपे आहे. सुट्टीचा खरा प्रश्न वेगळाच आहे : आपण मे महिन्यात कोकणात जातो तेव्हा मावशींची ती सुट्टी भरपगारी असते, की खाडा म्हणून पगारातून कापली जाते?

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. ज्या घरात संधिवात झालेली आजी एकटी आहे, किंवा तान्हे मूल आणि दोन नोकऱ्या आहेत, तेथे हे यंत्र उपयोगी आहे. आवश्यक म्हणावे असे ते नाही. आम्ही ते अद्याप घेतलेले नाही. मावशींना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्या आणि त्या दिवशी ज्याचे ताट त्याने घासायचे, असा नियम केला. घरातल्या दहावीतल्या मुलाने पहिल्या दिवशी नळ सोडून वीस मिनिटे लावली. आता त्याला एक बालदी पुरते.