गावचे देव आणि एकटा देव



'पेगन' हा शब्द आपण हल्ली पुस्तकांत, सिनेमांत ऐकतो. अनेक देव मानणारा, मूर्ती पुजणारा, थोडक्यात ख्रिस्ती नसलेला, असा त्याचा अर्थ झालाय. मूळ लॅटिन शब्द 'पागानुस'. त्याचा एक जुना अर्थ अगदी साधा आहे: खेड्यातला माणूस, गावचा. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या आमच्या पूर्वजांसाठी वापरलेला शब्द वेगळा, 'जेंतियु'. त्यांच्या कागदोपत्री आम्ही सगळे जेंतियु. पण मला तो पहिलाच शब्द जास्त लागू पडतो असं वाटतं. कारण गोव्यात 'गांवकार' ही शिवी नाही, मान आहे. आणि आमचे देवसुद्धा गांवकारच होते.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नाही. जुन्या गोव्यात गाव वसवणाऱ्या घराण्यांची, म्हणजे वांगडांची, जमीन सामाईक असे. पीक निघालं की सारा भरायचा, बांध दुरुस्त करायचे, आणि देवाचा वाटा काढायचा. भट, देवळी, वाजंत्री, कलावंतीण, कुंभार, सगळ्यांचं पोट देवाच्या वाट्यावर. पोर्तुगीजांनी १५२६ साली अफोंसो मेशियाकरवी या गावपद्धतीचे नियम लिहून काढले, कारण महसूल त्यांनाही हवाच होता. मग पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तिसवाडीतली देवळं पाडली आणि देवांच्या जमिनींचं उत्पन्न सांत पावलूच्या कॉलेजला नि चर्चच्या खर्चाला लावलं. देव हा त्यांच्या लेखी 'खोटा' होता, पण त्याची शेतं खरी होती!

आमचं घराणं मूळ साष्टीतलं, केळशीचं. बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. १५६० साली इन्क्विझिशन बसलं. १५६७ मध्ये साष्टीत सुमारे २८० देवळं पाडली गेली. त्या काळात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, आणि आमची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. सगळे जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, कारण तिथे आदिलशाही होती. यावर कुणी फारसं बोलत नाही, पण गोव्यातले हे देव वाचले ते मुसलमान राज्यात जाऊन. तिथल्या सुलतानाला आपला देव एकच असला तरी सारा वेळेवर आल्याशी मतलब होता, असं माझं मत.

आता मुद्द्यावर येतो. एकच देव मानणारी माणसं दारात आली तेव्हा आमच्या लोकांना नेमकं काय वाटलं? त्यांनी लिहून ठेवलेलं जवळजवळ काही नाही. जे आहे ते पाद्रींच्या कागदांत, आणि बाकी आमच्या रीतीभातींत.

मला वाटतं, 'नवा देव' याचं त्यांना काहीच नवल नव्हतं. गावात आणखी एक देव आला तर त्यालाही कोपऱ्यात जागा, वर्षाला एक नारळ. आमच्या शांतादुर्गेची कथाच पाहा. शिव आणि विष्णू यांचं भांडण जुंपलं, देवी मध्ये पडली आणि दोघांना शांत केलं. तिच्या दोन्ही हातांत साप आहेत, ते हे दोघे. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. अशा देवीच्या लेकरांना 'आमचा देव आला, आता तुमचे सगळे उठा' हे वाक्य कळणारच नाही. धमकी कळली असेल, वाक्य नाही.

आणखी एक अडचण. देव गावचा असेल तर गाव सुटल्यावर तो कोण? चर्चचा देव सगळीकडे सारखाच, त्याला घर बदलायची भीती नाही. आमचा देव मातीला बांधलेला. तरी लोकांनी रातोरात मूर्ती उचलली, होडीत घातली, परक्या राज्यात झोपडीत ठेवली. कवळ्याचं आजचं मोठं देऊळ बांधायला अठरावं शतक उजाडावं लागलं, शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने. मधली पावणेदोनशे वर्षं देवी साधीच राहिली.

पण सगळे गेले नाहीत, हे आपल्या घराण्यांच्या इतिहासांत हळूच गाळलं जातं. ज्यांना जमीन सोडवली नाही ते राहिले, बाप्तिस्मा घेतला, कामत, प्रभू, नायक यांचे परेरा, फर्नांडिस झाले. कितीतरी घरांत एक भाऊ नदीपलीकडे आणि एक अलीकडे. वडिलांबरोबर मी एकदा केळशीला गेलो होतो. एका ख्रिस्ती घराच्या बलकांवावर म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही कोण ते सांगितलं तर ते उठून उभे राहिले, आमचं कुळनाव विचारलं आणि म्हणाले, "देवी कवळ्यां गेली, आमी हांगाच उरले." आवाजात तक्रार नव्हती. थंडगार पाणी नि गूळ दिला. वडील परतीच्या बसमध्ये बेळगाव येईस्तोवर गप्प होते.

राहिलेल्यांचं मन कसं होतं त्याची एक खूण फादर थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'त सापडते. हा जेसुइट इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत आयुष्य काढलं आणि १६१६ मध्ये राशोलला हा ग्रंथ छापला. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्या मराठीत! स्वर्गासाठी शब्द वापरलाय वैकुंठ. ग्रंथाच्या सुरुवातीलाच कारण सांगितलंय: नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं काही द्या की. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. देव बदलला, चालेल. पण संध्याकाळी बसून ऐकायला पुराण हवं. एकदेवाच्या धर्माला जेंतियु प्रजेने घातलेली ही अट होती, आणि पाद्रीने ती मानली. पुढे मात्र १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषाच बंद करायचा हुकूम काढला, तेव्हा असं पुराण लिहिणाराही कुणी उरला नाही.

१७३६ चा इन्क्विझिशनचा हुकूमनामा तर वाचण्यासारखा आहे. बाप्तिस्म्याला दोनशे वर्षं होत आली तरी बंदी कशावर? दारातल्या तुळशीवर, पुरुषांच्या धोतरावर, बायकांच्या चोळीवर, लग्नातल्या गाण्यांवर, आणि मीठ न घालता भात शिजवण्यावर! म्हणजे चुलीवरच्या भातातसुद्धा जुना देव लपून बसलाय अशी त्यांना शंका. शंका खरी होती म्हणा. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचं बंद झालं.

इथपर्यंतची गोष्ट आपण चवीने सांगतो, कारण त्यात आपण सोसलेलं आहे. पुढची सांगायला जरा जड जातं.

आमच्या बेळगावचेच बाबा पदमनजी. जन्म १८३१, मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, 'यमुनापर्यटन' लिहिलं. ते ज्या साली जन्मले त्याच साली मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी जाहीर वाद घातला आणि मग पुस्तक काढलं, 'श्रीहिंदुधर्मस्थापना'. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घालत होते. धीराची माणसं, शंकाच नाही. पण दांडेकरांच्या पुस्तकाचं नाव पुन्हा एकदा वाचा. केळशीचा गांवकार 'माझी देवी' म्हणाला असता. 'हिंदुधर्म' अशी एक सलग वस्तू मांडून तिचं वकीलपत्र घ्यायचं, हे पाद्रीच्या प्रश्नाला दिलेलं पाद्रीच्याच चालीचं उत्तर होतं.

आणि जे मिशनऱ्यांच्या विरोधात नव्हते ते? १८४९ ची परमहंस सभा, तिथे जात मोडली हे दाखवायला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. (गोव्यात, वसईकडे म्हातारी माणसं सांगायची की विहिरीत पाव टाकून गाव बाटवलं. इकडे तोच पाव मुद्दाम खायचा. आज बेळगावात वडापाव खाताना यातलं कुणाला काय आठवतं!) १८६७ मध्ये प्रार्थना समाज आला. एकेश्वर, मूर्ती नाही, एकत्र बसून उपासना. या लोकांनी विधवांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी जे केलं त्याबद्दल मला आदरच आहे. पण 'देव एकच, बाकी सगळी त्याची रूपं' हे वाक्य आपण सुशिक्षित घरांत इतक्या घाईने म्हणायला लागलो, त्यामागे वेदान्त आणि संत जितके, तितकीच परक्यासमोर वाटलेली लाज आहे. माझे आजोबा गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कारकून होते. देवघराकडे कुणी पाहिलं की न विचारताच खुलासा करायचे. आजी कधी करत नसे. तिच्यासाठी कवळ्याची ती कवळ्याचीच होती, मंगेश तो मंगेश. 'रूपं' वगैरे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नैवेद्य मग एकच करू काय?

हीच आजी म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तेल बोलायची. गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे: सात बहिणी होत्या, एक शिरगावची लईराई, एक मये गावची, एक मोरजीची, अशा, आणि त्यांतली एक ख्रिस्ती झाली, ती ही म्हापशाची सायबीण. बहीण धर्म बदलते म्हणून बहीण राहत नाही का? लईराईकडून तिला मोगऱ्याची फुलं जातात, तिच्याकडून लईराईला तेल येतं. चर्चच्या शास्त्रात हे बसत नाही. आपल्याही कुठल्या पोथीत नाही. आजीच्या शास्त्रात बसायचं.

गेल्या वर्षी आमच्याकडे यावरून भांडण झालं. चुलत बहीण मुलाच्या आजारपणात म्हापशाला तेल घालून आली आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला. पुतण्याने लगेच लिहिलं, "ज्यांनी आपली देवी घालवली त्यांच्याकडे नवस? आपले देव कमी पडले का?" मग दोन दिवस रणधुमाळी. मी त्याला फोन केला. पोरगा हुशार आहे, वाचतो, १५६० ची तारीख त्याला माझ्याहून पाठ. त्याचा राग मला कळतो, तो खोटा नाही. पण 'एकाचे असाल तर दुसऱ्याच्या दारात पाऊल नको' हा नियम आपल्याकडे कुठून आला, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही भाबडे. ते येतात का आपल्याकडे?"

येतात. म्हणून त्याला फातर्प्याला घेऊन जायचं ठरवलंय. कुंकळ्ळीच्या गांवकारांनी १५८३ मध्ये पाच जेसुइट मारले होते. बोलणी करायला म्हणून बोलावून पोर्तुगीजांनी त्यांच्या म्होरक्यांना मारलं. त्यांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, गाव ख्रिस्ती झालं. शिमग्याच्या दिवसांत आजही फातर्प्याहून कुंकळ्ळीला सत्र्यांची मिरवणूक निघते, बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या, गुलालाने रस्ता लाल. त्या बारा वांगडांत ख्रिस्ती घराणीही आहेत आणि ती मानाने येतात. पुतण्या म्हणतो, सुट्टी मिळाली तर बघू.