हैदोस : शोकाच्या आरोळीची मस्ती कशी झाली?

मराठीच्या तासाला वर्तमानपत्रातला मथळा वाचत होतो, ‘टवाळखोरांचा हैदोस’. एका मुलाने विचारले, “सर, हैदोस हा आपला शब्द आहे का?” आपला म्हणजे उर्दू. मी म्हणालो, “दोन्हींचा. पण त्याच्या मुळाशी रडणे आहे.”

इ.स. ६८० मध्ये, १० मोहरमला, करबलाच्या मैदानात इमाम हुसैन शहीद झाले. त्यांचा पुतण्या कासिमही तिथेच गेला. लोककथेत तो नुकताच लग्न झालेला नवरदेव, म्हणून दख्खनच्या मोहरमात ‘दुल्हा’. ‘हाय दोस्त, दुल्हा’ हा त्या वेळचा आक्रोश. त्याचेच मराठीत ‘हैदोसधुल्ला’ झाले, आणि पुढे नुसता ‘हैदोस’. ऐकणाऱ्यांना गलका कळला, दुःख कळले नाही. पण दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या मोहरमातही ढोलताशे आणि वाघाची सोंगे होतीच.

इंग्रजांनीही तेच केले. ‘या हसन, या हुसैन’ या आरोळीचे त्यांच्या सोजिरांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. अर्थ, देशी लोकांचा सणासुदीचा गोंधळ. १८८६ साली निघालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशाचे नावही तेच.

इतर शब्दांनी मात्र सुखाचाच प्रवास केला. ‘मौज’ म्हणजे अरबीत लाट. ‘मजा’ म्हणजे फारसीत चव. ‘जश्न’ आणि संस्कृत ‘यज्ञ’ तर एकाच घराण्यातले.

आणि आपले दौलताबाद? १४व्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्याने गवय्यांचा आणि गाणाऱ्या स्त्रियांचा एक मोठा, देखणा बाजार पाहिला. नाव ‘तरबाबाद’. त्याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज होई, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आज किल्ला पाहायला येणाऱ्यांना ते नावही ठाऊक नसते.

‘तरब’चा अर्थ आपण आनंद असा करतो. गायकाला ‘मुतरिब’ म्हणतात, तो याच धातूवरून. पण जुने अरबी कोशकार सांगतात, अतिशय आनंदाने किंवा अतिशय दुःखाने माणूस आतून हलतो, तो तरब. एकाच शब्दात दोन्ही.

मुलाला मी एवढेच सांगितले : हैदोस हा शब्द खुशाल वापर. फक्त तो कुणाच्या तरी रडण्यातून आला आहे, हे विसरू नकोस.