झोपलेला वाघ आणि शिकाऱ्यांचा न्याय

जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' १९४४ साली आलं. त्यातला थरार बहुतेकांना आठवतो. गेल्या महिन्यात पुन्हा वाचताना मी मात्र एका वेगळ्याच जागी थबकलो.

१९३१ साली कोसी नदीकाठच्या मोहान भागातल्या नरभक्षक वाघाच्या मागावर कॉर्बेट होता. वाघ सापडला तो गाढ झोपेत. कॉर्बेटने त्याला झोपेतच गोळी घातली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढे तो चक्क वकिलासारखी बाजू मांडू लागतो: वाघ मारणं लोकहितासाठी आवश्यक होतं, तो जागा असो की झोपलेला त्याने फरक पडत नाही, आणि त्याला सोडलं असतं तर आणखी माणसं मेली असती. एवढं सगळं पटवून झाल्यावर शेवटी म्हणतो, तरीही त्याला उठवून संधी दिली नाही याची खंत आहे.

हे माझ्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, मारायचाच होता तर उठवायचा कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. उत्तरासाठी त्या काळच्या शिकाऱ्यांची दुनिया समजून घ्यावी लागते. त्यांचा एक अलिखित कायदा होता. पिल्लं असलेली वाघीण मारू नये. पाणवठ्यावर दबा धरून बसू नये. मोटारीतून दिव्याच्या झोतात जनावर टिपू नये. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जखमी जनावर सोडून येऊ नये, जिवाची जोखीम घेऊन पायी माग काढावा आणि त्याचा शेवट करावा. न्यायाधीशही शिकारीच. पहिली गोळी कोणाची लागली, वाघाची लांबी खुंट्या ठोकून सरळ मोजली की अंगाच्या वळणावरून टेप फिरवून वाढवली, याची चर्चा संध्याकाळी डाकबंगल्यात व्हायची. तिथे नाव गेलं की गेलं. कॉर्बेट मोहानबद्दल लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हीच मंडळी बसलेली असणार.

या कायद्यात ढोंग पुष्कळ होतं. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. हत्तींच्या रांगांनी वेढून ३९ वाघ मारले गेले. त्याला खेळ म्हणायचं. आणि शेत राखायला जाळं किंवा फासा लावणारा गावकरी मात्र चोरटा ठरायचा! संधी द्यायची ती वाघाला. गावकऱ्याला तीही नाही.

पण सगळंच ढोंग नव्हतं. चंपावतची वाघीण कॉर्बेटने १९०७ साली मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे दोन सुळे तुटलेले निघाले, वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. हे कोणाच्या तरी गोळीने झालं होतं. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली. वाघ नरभक्षक होण्यामागे निष्काळजीपणे झाडलेली आणि पाठपुरावा न केलेली गोळी अनेकदा असते, असं कॉर्बेटने स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे एका शिकाऱ्याचा आळस आणि कुमाऊंमधल्या गावांत प्रेतं. हा नियम नुसत्या ऐटीचा नव्हता, हे इथे कळतं. त्या वाघिणीमागे जाण्यापूर्वी त्याने दोन अटी घातल्या होत्या. सरकारी बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी मागे घ्या. बक्षिसासाठी मारणारा म्हणवून घेण्याची त्याची तयारी नव्हती, आणि दुसऱ्याच्या चुकीच्या गोळीने मरण्याचीही नव्हती.

मग एफ. डब्ल्यू. चँपियनसारख्या वनाधिकाऱ्याने बंदूक बाजूला ठेवून वाघाचे रात्री फोटो काढले. त्याचं पुस्तक १९२७ साली आलं. कॉर्बेटवर त्याचा प्रभाव पडला आणि तोही कॅमेऱ्याकडे वळला. तरी १९३० मध्ये त्याने पवलगढचा प्रसिद्ध, कोणालाही त्रास न देणारा भला थोरला वाघ मारलाच. माणूस एका दिवसात बदलत नाही.

१९७२ च्या कायद्यानंतर शौकाची शिकार संपली, पण प्रश्न संपला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर गोळी, असा आदेश होता. बेशुद्धीचं औषध गोळीआधी मारलं की नंतर, ती खरंच अंगावर आली होती का, यावर रण माजलं. तिच्या दोन पिल्लांसाठी हळहळणारे होते आणि गावात फटाके फोडणारेही होते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला शहरातून कोणी काय शिकवावं?

माझ्यापुरतं सांगायचं तर नातीचं म्हणणं मला पटतं. मोहानचा वाघ उठवायची गरज नव्हती. पण तो झोपला होता, हे कॉर्बेटने लिहिलं नसतं तर तुम्हा-आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. त्याने वाघाला संधी दिली नाही, ती दुसऱ्यांना दिली, स्वतःला दोष द्यायची. जंगलात घडलेलं खरं तसं सांगणं, एवढा एक नियम त्या जुन्या कायद्यातून आजही उचलावा असं मला वाटतं. गोळी योग्य होती की नाही, हे त्याशिवाय ठरवणार तरी कसं?

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.