२५ डिसेंबर १९९६ : पोर्तोपालोजवळची जलसमाधी

नाताळच्या रात्री माल्टा आणि सिसिली यांच्या दरम्यानच्या खवळलेल्या समुद्रात ‘योहान’ या जहाजावरून ‘एफ-१७४’ या जीर्ण बोटीत चढवलेले भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील किमान २८३ स्थलांतरित, दोन्ही नौकांची टक्कर होऊन बुडाले. बचावलेल्यांना ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. मात्र त्यांच्या कथनावर शासनयंत्रणांनी विश्वास ठेवला नाही. वास्तविक सिसिलीतील पोर्तोपालो गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत प्रेते येत होती, पण चौकशीत मासेमारीचे दिवस बुडतील या भीतीने ती पुन्हा समुद्रात सोडली जात. अखेर एका तमिळ तरुणाच्या ओळखपत्रावरून माग काढत ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकाने २००१ मध्ये पाण्याखालील कॅमेऱ्याने अवशेष शोधले. अशा प्रवासांबाबत, पैसे घेऊन, परंतु संमतीने, बेकायदा सीमा ओलांडवणे म्हणजे चोरटी वाहतूक, तर शोषणासाठी बळाने वा फसवणुकीने माणसे नेणे म्हणजे मानवी तस्करी, हा भेद मांडणारे संयुक्त राष्ट्रांचे करार डिसेंबर २००० मध्ये स्वाक्षरीसाठी खुले झाले ते सिसिलीच्याच पालेर्मो शहरात. तेव्हा ‘एफ-१७४’ त्याच बेटाजवळच्या समुद्रतळाशी, अधिकृत नोंदीविना, पडून होती.