पासबुकाची कुळकथा

आर्थिक साक्षरतेची शिबिरं आज देशभर होतात. रिझर्व्ह बँक दरवर्षी त्यासाठी एक सप्ताह पाळते. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यापुरतं बोलायचं, तर या शिक्षणाचं मूळ १८७५ च्या दंग्यात आहे.

त्या वर्षी १२ मे रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा पेटला आणि भीमेपलीकडे पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जतच्या गावांत पसरला. सावकारांच्या जिवावर सहसा कोणी उठलं नाही. लोकांना हवी होती कर्जखतं. ती हाती लागली की जाळायची. अमेरिकेतल्या यादवीत चढलेला कापूस उतरला होता, शेतसारा वाढला होता, हे खरंच. पण खरी मेख कागदात होती. १८५९ च्या कायद्याने साध्या खतावरचा दावा तीन वर्षांत लावावा लागे. मुदत सरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घेई आणि कुळ त्याखाली नांगराची निशाणी काढी. फेडलं किती, राहिलं किती, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक.

चौकशी आयोग बसला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली तीन कलमं मला फार मोलाची वाटतात. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि वेळोवेळी नोंदी भरलेलं पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

हक्क मिळाला, पण बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पासबुक हाती असूनही त्यातला आकडा परकाच राहिला.

ही उणीव भरून काढण्याचं काम पुढे बचत गटांनी केलं. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला लेखे आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतात ते लेखेच. बैठकीत हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. निरक्षर बाईही आपला आकडा ऐकते, चुकला तर टोकते.

शिबिर घेणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: योजनांची माहिती नंतर सांगा. आधी समोर बसलेल्या प्रत्येकीचं पासबुक उघडा आणि तिच्यासोबत एकेक नोंद वाचा.