पुतण्याचा पहिला पोकर आणि १९७६ चे दोन कायदे

ईदनंतर माझा पुतण्या मित्रांसोबत गोव्याला गेला होता. ही सगळी पोरं अंजूरफाट्याकडच्या गोदामांत नोकरी करतात. पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर तो पहिल्यांदाच चढला, पोकरच्या टेबलावर बसला, पहिले दोन डाव जिंकला आणि पहाटेपर्यंत अर्धा पगार घालवून उतरला. घरी आल्यावर त्याने आईला काही सांगितले नाही, मला सांगितले. वर प्रश्नही केला, "चाचा, हा काही मटका नाही. डोक्याचा खेळ आहे. सरकारची परवानगी आहे, सरकारला टॅक्स जातो. मग यात वाईट काय?"

तो प्रामाणिकपणे विचारत होता, म्हणून नुसते "हराम आहे" म्हणून मला गप्प बसवेना.

आधी खेळाबद्दल. कॅसिनोत बहुतेक ठिकाणी जो पोकर चालतो, त्यात प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात. मग टेबलावर पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात आणि दर टप्प्याला बोली वाढते. समोरच्याचा चेहरा वाचणे, हिशेब करणे, पान खराब असताना अंगावर जाणे यात डोके लागते, हे खरे. पण एक गोष्ट पुतण्याच्या लक्षात आली नव्हती. पोकरमध्ये कॅसिनो खेळतच नाही. खेळाडू आपसात लढतात आणि कॅसिनो डावातून किंवा बसण्याच्या वेळेवर आपला वाटा काढून घेतो. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर यालाच 'नाल' म्हणतात. कोणीही जिंको, नाल निघतेच. रात्रभर तेच पैसे टेबलावर फिरत राहिले, तर दर फेरीला ते थोडे कमी होत जातात.

पत्ते आपल्याला परके नाहीत. युरोपात ते चौदाव्या शतकात पोहोचले, ते मामलुकांच्या इजिप्तमधून. तिथल्या पत्त्यांचा एक जुना संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यातल्या एका पानाचे नाव 'नाइब'. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना 'नाइपे' म्हणतात, ते याच शब्दावरून आले असे मानले जाते. आपल्या 'नायब तहसीलदारा'तला नायबही तोच. हिंदुस्थानात बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात १५२७ सालची आहे. पुढे याच गंजिफ्यावर दशावतार रंगले आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती कला आजवर जपली. पोकर मात्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून पसरला. तेव्हा कागदाच्या पानात दोष नाही. प्रश्न त्यावर लावलेल्या पैशाचा आहे.

आता परवानगीबद्दल. इथे आमच्या अंजूरचाही थोडा संबंध येतो. गंगाजी नाईक अंजूरकर याच गावचे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत त्यांचा मोठा वाटा होता. १७३९ मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीज या टापूतून गेले. गोव्यात मात्र ते १९६१ पर्यंत राहिले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल तिथल्या जुगारघरांचे वर्णन करतो. ती उघडपणे चालत आणि त्यांचे मालक सरकारात पैसे भरत. इकडे इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये जुगारबंदीचा कायदा केला. तो भिवंडीला लागू झाला, गोव्याला नाही.

मग आले १९७६ साल. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. गोव्यात सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा, आणि महाराष्ट्रात कॅसिनोला परवाना देऊन कर घेण्याचा. पुढे झाले ते उलटेच. गोव्याच्या बंदीच्या कायद्याला १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला वाट दिली गेली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळांनाही. समुद्रासाठी म्हणून आलेली जहाजे मांडवी नदीत उभी राहिली. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा मात्र कधी अमलातच आला नाही. तो लागू करा म्हणून लोक उच्च न्यायालयातही गेले. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. सत्तेचाळीस वर्षे तो नुसता कागदावर होता.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. पाहुण्यांनी खेळावे, घरच्यांनी नाही. ज्या सरकारला कर मिळतो, त्यालाच आपली पोरं त्या टेबलावर नको आहेत. भिवंडीची पोरं चालतात. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

राहिला त्याचा टॅक्सचा मुद्दा. कुरआनात जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून बाणांनी चिठ्ठ्या काढत. काही बाणांवर मांसाचे वाटे असत, काही कोरे. कोरा बाण ज्याच्या नावावर निघे, त्याने उंटाची किंमत द्यायची. जिंकलेले मांस पुष्कळदा गरिबांना वाटले जाई आणि न खेळणाऱ्याला लोक कंजूस म्हणत. म्हणजे तो जुगार आजच्या कॅसिनोपेक्षा जास्त परोपकारी होता. तरी त्याला मनाई झाली. सूरह बकरामध्ये (२:२१९) त्यात लोकांचा काही फायदा आहे हे मान्य केले आहे, पण नुकसान फायद्याहून मोठे ठरवले आहे. सूरह माइदामध्ये (५:९१) कारणही येते, की यातून माणसामाणसांत वैर पडते. महसूल आणि रोजगार यांचा युक्तिवाद नवा नाही, तो चौदाशे वर्षांपूर्वी ऐकून घेऊन बाजूला ठेवला गेला आहे.

मी पुतण्याला एवढेच विचारले, "पहिले दोन डाव तू जिंकलास, ते पैसे कोणाचे होते?"

तो म्हणाला, "नागपूरकडचा एक पोरगा होता. त्याचीही पहिलीच वेळ होती. नंतर तो उठून गेला, जेवलाही नाही."

पुढे मला काही सांगावे लागले नाही. आईला मात्र त्याने स्वतः सांगावे, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.